दुकानातलं ₹ : लेबलपासून पाटीपर्यंत

कोल्हापुरात पापाची तिकटीजवळ चपलांचं पिढीजात दुकान असलेल्या एका ताईंचा हा प्रश्न आहे. दुकानाचा ऑनलाइन भाग त्या बघतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : घरच्या कॉम्प्युटरवर किमतीच्या आधी ₹ व्यवस्थित दिसतं, पण तीच फाइल प्रेसमध्ये छापून आली की त्या जागी एक बारीक तिरकी खूण येते. बिलाच्या छोट्या प्रिंटरवर प्रश्नचिन्ह उमटतं. वेबसाइटवरून उतरवलेली ऑर्डरची यादी एक्सेलमध्ये उघडली की ₹ऐवजी भलतीच तीन चिन्हं दिसतात. नव्या पाटीवर तर फ्लेक्सवाल्यानं रोमन आर काढून त्यावर दोन आडव्या रेघा मारून दिल्या. शेवटी त्या विचारतात, "हे चिन्हच सोडून सरळ रु. लिहायला लागू का?"

ताई, सोडू नका. रु. कुठं लिहायचं तेही सांगतो, कारण दोन-तीन जागी तेच योग्य आहे. पण तुमच्या चार तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत. ती एकत्र धरली तर तुम्हाला वाटेल की ₹ हे चिन्हच कॉम्प्युटरला जड जातं, आणि तसं अजिबात नाही. मी लक्ष्मीपुरीत १९९७ पासून डीटीपी करतो. आधी पेजमेकर, मग कोरल ही पानं मांडायची सॉफ्टवेअर, आणि गेली काही वर्षं फाँटचं काम. या चिन्हानं माझे पैसेही गेलेले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली तक्रार, ती तिरकी खूण. कीबोर्डवर १ च्या डावीकडच्या बटणावर जी असते तीच ही, तिला बॅकटिक म्हणतात. ती तुमच्या लेबलवर का आली हे कळायला थोडं मागं जावं लागेल. अर्थ मंत्रालयानं रुपयाच्या चिन्हासाठी मार्च २००९ मध्ये स्पर्धा जाहीर केली. तीन हजारांवर प्रवेशिका आल्या, त्यातून पाच निवडल्या गेल्या आणि १५ जुलै २०१० ला केंद्रीय मंत्रिमंडळानं डी. उदय कुमार यांचं चिन्ह मान्य केलं. ते त्या वेळी मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक रचना केंद्रात होते, आणि तमिळ अक्षररचना हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या तक्त्यानं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, म्हणजे ६.० या आवृत्तीत, त्याला स्वतःचा क्रमांक दिला. तीन महिन्यांत एवढं झालं, हा वेग खरोखर विलक्षण होता.

पण क्रमांक मिळाला म्हणजे आपल्या मशिनवर चिन्ह आलं असं होत नाही. फाँटमध्ये ते काढलेलं असावं लागतं, कीबोर्डवर त्याला बटण लागतं. विंडोज ७ साठी ते अपडेटमधून आलं २०११ मध्ये, आणि जुन्या विंडोज एक्सपीवर चालणाऱ्या मशिनांना ते मिळालंच नाही. आपल्याकडच्या प्रेसमध्ये तर त्यानंतरही कितीतरी वर्षं एक्सपीच होतं. लोकांना मात्र चिन्ह त्याच आठवड्यात हवं होतं. मग फुकट मिळणारे फाँट निघाले, ज्यात बॅकटिकच्या घरात रुपयाचं चित्र बसवलेलं होतं. बॅकटिक दाबलं की पडद्यावर ₹ दिसायचं. फाइलमध्ये मात्र बॅकटिकच साठलेलं असायचं. फाँट होता तोवर सोंग टिकायचं, फाँट गेला की बॅकटिक उघडं पडायचं.

२०१२ च्या दिवाळीत एका मिठाईच्या दुकानाचं दरपत्रक माझ्याकडं होतं, ३००० प्रती. मी प्रूफ माझ्या मशिनवर काढलं, मालकांनी सही केली. फाइल छपाईची प्लेट करणाऱ्याकडं गेली, त्याच्याकडं तो फाँट नव्हता. त्याच्या मशिननं न विचारता दुसरा फाँट लावला. वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी गठ्ठे सोडले तर पेढ्यापासून चिवड्यापर्यंत प्रत्येक दरापुढं बॅकटिक. सगळं परत छापलं, कागदासकट माझ्या खर्चानं. चूक माझीच होती. प्रूफ ज्या मशिनवरून छापलं जाणार तिथलं बघायला हवं होतं.

तुमच्या लेबलच्या फाइलमध्ये हेच झालेलं आहे, बहुधा जुन्या कुठल्यातरी फाइलवरून नवी करत आल्यामुळं. खात्री करायची रीत सोपी आहे. फाइलमधलं ₹ कॉपी करा आणि साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथंही ₹ दिसलं तर खरं अक्षर आहे. बॅकटिक दिसलं तर सोंग आहे. मग "शोधा आणि बदला" वापरून सगळी बॅकटिकं खऱ्या ₹ नं बदला, आणि त्या अक्षरांना असा फाँट लावा ज्यात ₹ आहे. तो जुना फाँट तसाच राहिला तर बदललेलं चिन्ह चौकोन होऊन दिसेल.

खरं ₹ टाइप कसं करायचं, तर विंडोजमध्ये कीबोर्डची भाषा इंग्लिश इंडिया ठेवायची आणि उजवा ऑल्ट धरून ४ दाबायचा. कंट्रोल, ऑल्ट आणि ४ एकत्र दाबलं तरी चालतं. अनेकांची तक्रार असते की बटणावर ₹ छापलेलं आहे पण दाबून येत नाही. तिथं भाषा इंग्लिश युनायटेड स्टेट्स लावलेली असते, बाकी काही बिघाड नसतो. वर्डमध्ये असाल तर इंग्रजी बटणांनी २०बी९ (20B9, हा ₹ चा युनिकोड क्रमांक) लिहा आणि लगेच ऑल्ट-एक्स दाबा, त्याचं ₹ होतं. चिन्हांच्या यादीतून निवडताना एक काळजी घ्या. तिथं रुपी साइन नावाचं आणखी एक चिन्ह असतं, रोमन आर आणि एस चिकटवलेलं. ते युनिकोडमध्ये ₹ च्या कितीतरी आधीपासून आहे, पण आपलं नव्हे. आपल्या चिन्हाचं नाव इंडियन रुपी साइन.

प्रेसला पाठवताना आमच्या धंद्यात जे म्हणतात तेच करा : कर्व्ह करून पाठवा. अक्षरांचं रेखाचित्र झालं की समोरच्याकडं फाँट असो-नसो, आकार बदलत नाही. मात्र कर्व्ह केलेली फाइल वेगळ्या नावानं साठवा. पुढच्या महिन्यात दर बदलायचे तर मूळ फाइल लागेल, कर्व्हमधला आकडा परत टाइप करता येत नाही. प्रेसवाला अजून पेजमेकरवर असेल तर त्याला खरं ₹ देऊन उपयोग नाही, कारण पेजमेकरला युनिकोड कळतच नाही. तिथं पीडीएफ द्या, फाँट आत बसवलेली.

तिसरी तक्रार आधी घेतो, कारण ती पहिलीची बहीण आहे. एक्सेलमध्ये ₹ च्या जागी तुम्हाला दिसतं ते असं असणार : डोक्यावर टोपी घातलेला रोमन ए, मग खालच्या अंगाला स्वल्पविरामासारखी खूण, मग वर चढवलेला छोटा १. बरोबर ना? हे असंच येतं, नेहमी याच क्रमानं. कारण यूटीएफ-८ या पद्धतीत ₹ हे एक अक्षर तीन बाइटमध्ये साठतं. एक्सेलला फाइल कुठल्या पद्धतीची आहे हे कोणी सांगितलं नाही, की ते जुन्या पाश्चात्त्य पद्धतीनं वाचतं, म्हणजे प्रत्येक बाइट एक वेगळं अक्षर. तीन बाइटची तीन चिन्हं झाली. त्याच यादीत मराठीतली गिऱ्हाइकांची नावंही अशीच विस्कटलेली असतील, बघा. म्हणजे इथं चिन्ह शाबूत आहे, वाचणारा चुकतोय. वेबसाइटवरून उतरवलेल्या त्या यादीच्या फाइलवर (तिला सीएसव्ही म्हणतात) दोनदा क्लिक करून उघडू नका. एक्सेल रिकामं उघडा, डेटा मधून फ्रॉम टेक्स्ट किंवा सीएसव्ही घ्या आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ यूटीएफ-८ निवडा. विस्कटलेली फाइल तशीच सेव्ह मात्र करू नका. एकदा तसं झालं की ती तीन चिन्हं खरोखरची होऊन बसतात.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहायला बसलो. तुमच्या त्या यादीत किमतीच्या रकान्यात ₹ असायलाच नको होतं.

मी दुकानांच्या एक्सेल फाइली बघतो तेव्हा बहुतेकांनी प्रत्येक घरात, म्हणजे सेलमध्ये, ₹ हातानं लिहिलेलं असतं, काहींनी मागं /- पण. दिसायला छान. पण "₹१,२५०/-" असं लिहिलं की एक्सेलसाठी तो आकडा उरत नाही, शब्द होतो. तो घराच्या डाव्या कडेला जाऊन चिकटतो, बेरजेत धरला जात नाही, आणि बेरीज चुकली हे एक्सेल सांगतही नाही. एका ओळखीच्या व्यापाऱ्याची महिन्याची बेरीज अशीच कमी येत होती. आम्ही दोघं रात्री बसून ओळ-ओळ तपासली तेव्हा कळलं की जिथं मुलानं ₹ हातानं लिहिलं होतं तेवढ्याच ओळी बेरजेतून गळत होत्या. मुलगा तर नीटनेटकं दिसावं म्हणूनच लिहीत होता.

घरात फक्त 1250 लिहा. मग रकाना निवडून कंट्रोल-१ दाबा, करन्सी घ्या आणि यादीतलं इंग्लिश इंडियाचं किंवा मराठीचं ₹ निवडा. आता ₹ दिसेल, पण आकडा आकडाच राहील. लाख-कोटीचे स्वल्पविराम हवे असतील तर ते विंडोजच्या रीजन सेटिंगमधून येतात, तिथं भारत निवडलेलं हवं. म्हणजे १,२३,४५६ असं दिसेल, नाहीतर १२३,४५६ येत राहील आणि वाचताना डोळा अडखळेल.

चलन कोणतं हे साठवायचं असेल तर त्याला वेगळा रकाना करा आणि त्यात आयएनआर (INR) लिहा. हा आंतरराष्ट्रीय संकेत आहे, त्याचा अंकी क्रमांक ३५६. यंत्रांना हेच कळतं. तुमच्या गल्ल्यावर चिकटवलेला यूपीआयचा क्यूआर कोड घ्या. त्याच्या आत खातं, नाव, रक्कम असेल तर रक्कम, आणि चलन असे तुकडे असतात. चलनाच्या जागी ₹ नसतं, आयएनआर ही तीन अक्षरं असतात. भारत क्यूआर या दुसऱ्या प्रकारच्या कोडमध्ये तर तीही नसतात, नुसतं ३५६. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर जे ₹ दिसतं ते त्याच्या अॅपनं शेवटच्या पायरीला काढून दाखवलेलं असतं. साठवायला आकडा आणि संकेत, दाखवायला चिन्ह, हा नियम तिथं आहे तोच तुमच्या एक्सेलमध्येही ठेवा.

दुसरी तक्रार, बिलाचा प्रिंटर. ते प्रश्नचिन्ह प्रिंटर मनानं काढत नाही. या छोट्या थर्मल प्रिंटरांना एका वेळी २५६ अक्षरांचा एक जुना तक्ता कळतो. त्यात डॉलर असतो, पौंड असतो, बऱ्याच वेळा युरोही असतो, ₹ नसतं. बिलाचं सॉफ्टवेअर मजकूर त्या तक्त्यात बसवायला जातं, ₹ ला जागा सापडत नाही, मग ते स्वतःच तिथं प्रश्नचिन्ह टाकून पाठवतं. यावर तीन उपाय. सगळं बिल चित्र म्हणून पाठवणं : मराठी नावं छापायची असतील तर हेच करावं लागतं, फक्त छपाई जरा सावकाश होते. दुसरा, बहुतेक प्रिंटरांत आपलं एखादं अक्षर भरून ठेवायची सोय असते, तिथं ₹ भरणं. तिसरा, सरळ रु. किंवा इंग्रजी बिलात आरएस (Rs).

दुसरा उपाय मला फार आवडतो, म्हणून एकदा करून बघितलेलं सांगतो. दोन इंची रोलच्या प्रिंटरवर एका ओळीत ३८४ ठिपके असतात. एका अक्षराला १२ ठिपके रुंदी आणि २४ ठिपके उंची, म्हणून ओळीत ३२ अक्षरं. त्या १२ बाय २४ च्या खिडकीत ₹ बसवायचं. मी चौकटीच्या वहीवर पेन्सिलनं काढलं. वरची रेघ दोन ठिपके जाड. मग तीन ठिपके मोकळे. मग दुसरी रेघ, दोन ठिपके. मोकळी जागा आधी दोनच ठिपके ठेवली होती, तर उष्णतेनं कागद जरा पसरून काळा होतो आणि दोन्ही रेघा मिळून एक जाड पट्टी झाली. तीन केल्यावर नीट सुटं दिसलं. तुमचा बिलवाला, म्हणजे बिलाचं सॉफ्टवेअर बघणारा, हे करून देऊ शकतो. त्याला अर्धा तास लागेल, पण हे असं करता येतं हे त्याला माहीत नसतं.

गिऱ्हाइकांना एसएमएस पाठवत असाल तर तिथं मात्र ₹ महाग पडतं, अक्षरशः. मोबाइलच्या मूळ अक्षरसंचात ₹ नाही. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा असतो, पण त्यात एक जरी ₹ आलं की सगळा संदेश युनिकोडमध्ये जातो आणि मर्यादा ७० वर येते. १२० अक्षरांचा संदेश, जो एकात गेला असता, तो दोन एसएमएस म्हणून मोजला जातो. हजार गिऱ्हाइकं असतील तर हजार एसएमएसचे जादा पैसे एका चिन्हासाठी. मराठीत देवनागरी संदेश पाठवत असाल तर तो आधीच ७० च्या हिशेबात असतो, तिथं ₹ बिनधास्त घाला, वेगळा भार नाही.

आता पाटी. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण हे चित्रकार आणि सिनेदिग्दर्शक बाबूराव पेंटरांचं गाव आहे आणि आपल्या गावात अक्षर चुकीचं रंगवलेलं मला बघवत नाही.

फ्लेक्सवाल्यानं आर काढून दोन रेघा मारल्या, कारण त्याला वाटलं हे डॉलरसारखं आहे, अक्षर आणि त्यावर काट. ₹ तसं घडलेलंच नाही. त्यात देवनागरी र आहे, आणि उभा दांडा काढून टाकलेला रोमन आर. वरची आडवी रेघ ही आपली शिरोरेघ. तिच्याखाली तेवढीच दुसरी. दोन रेघा आणि मधली मोकळी जागा मिळून तिरंग्याची आठवण, आणि दोन समांतर रेघा म्हणजे बरोबरचं चिन्ह, असा उदय कुमार यांचा विचार होता. डावी बाजू उघडी असते. तिथं दांडा उभा केला की र जातो आणि चिन्हातलं आपलं जे आहे तेच निघून जातं.

महाद्वार रोडवर एक जुने पेंटर होते, त्यांच्याकडून मी हे चिन्ह चार हातांत काढलेलं बघितलं. पट्टी ब्रश, भिजवून कडेला निथळलेला. पहिला हात वरची रेघ, डावीकडून उजवीकडे. दुसरा हात दुसरी रेघ, पहिलीच्या अगदी समांतर, मध्ये ब्रशच्या रुंदीपेक्षा जरा जास्त जागा सोडून. तिसरा हात वरच्या रेघेच्या मध्यातून निघाला, उजवीकडे फुगला, दुसऱ्या रेघेला ओलांडून खाली आला आणि परत डावीकडे वळला, र चं पोट. चौथा हात तिथून तिरका खाली उजवीकडे, पाय. पाय टेकवताना त्यांनी ब्रश जरासा दाबला, म्हणजे शेवट सपाट आला. पंधरा सेकंदांत झालं. मग म्हणाले, "दुसऱ्या रेघेवर बोट ठेवून बघा. र दिसला पायजे. आर दिसला तर पुसा." तेव्हापासून मी प्रत्येक फाँटमधलं ₹ याच कसोटीवर बघतो. तुमच्या पाटीचा फोटो घ्या आणि दुसऱ्या रेघेवर बोट ठेवा.

आणखी एक चूक पाट्यांवर दिसते, पोटाची खालची रेघ डावीकडे लांबवून तीन आडव्या रेघा करणं. तीही नको. फ्लेक्सवाल्याला सांगा, हातानं जुळवू नको, फाँटमधलं टाइप कर. मात्र फाँट बघून. ज्या फाँटमध्ये ₹ नसतं तिथं कॉम्प्युटर न सांगता दुसऱ्या फाँटमधलं आणून बसवतो. मग जाड ठसठशीत आकड्यांपुढं एक किडकिडीत ₹ उभं राहतं. अनेक वेबसाइटवर हेच होतं, कारण वेग यावा म्हणून फाँटची छाटलेली फाइल लावलेली असते आणि छाटताना ₹ बाहेर गेलेलं असतं. तुमची वेबसाइट बनवणाऱ्याला एवढंच विचारा, फाँटच्या फाइलमध्ये २०बी९ ठेवलंय का?

ठळक फाँटात ₹ काढणं हे फाँट करणाऱ्याचं अवघड काम आहे. ८ या आकड्याला जेवढी जाडी, तेवढीच जाडी दोन रेघांना दिली तर मधली जागा बुजते. म्हणून रेघा आकड्यापेक्षा बारीक ठेवाव्या लागतात, पण इतक्याही नाही की चिन्ह दुसऱ्या कुटुंबातलं वाटेल. फाँट निवडताना दुकानदारानं बघायची एकच जागा सांगायची तर हीच, दोन रेघांमधली फट. लेबल प्रिंटर साधारण २०३ डीपीआयचा असतो, म्हणजे मिलिमीटरला ८ ठिपके. ६ पॉइंटमध्ये ₹ ची उंची जेमतेम दीड मिलिमीटर, म्हणजे १२ ठिपके. त्यात दोन रेघा, दोन मोकळ्या जागा, पोट आणि पाय बसवायचे, जमतच नाही. चपलेच्या तळाला लावायच्या लेबलवर ८ पॉइंटच्या खाली जाऊ नका, आणि ठळक तर त्या आकाराला नकोच. गुजरीतले काही सराफ दागिन्याच्या चिठ्ठीवर चिन्हच घालत नाहीत, नुसता आकडा. एवढ्याशा चिठ्ठीवर ते बरोबरच आहे.

मराठी आकड्यांबरोबर ₹ वापरायचं का, असं पुढं कधी तरी विचाराल म्हणून आत्ताच सांगतो. जरूर वापरा, ₹१,२५० मध्ये काहीच वावगं नाही. फक्त बऱ्याच फाँटांत ₹ हे इंग्रजी आकड्यांच्या उंचीला मापून काढलेलं असतं आणि देवनागरी आकडे वेगळ्या उंचीचे असतात, मग चिन्ह एक तर डोकं वर काढतं नाहीतर खुजं दिसतं. देवनागरी आणि रोमन एकमेकांशी जुळवून काढलेले फाँट घ्या, जसा 'एक टाइप' या फाँट करणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' किंवा गूगलच्या 'नोटो'मधला देवनागरी. फुकट आहेत दोन्ही.

₹ आणि आकडा यांच्यात जागा सोडू नका. युनिकोडच्या नियमानं ₹ हे पुढच्या आकड्याला चिकटून राहणारं चिन्ह आहे, ओळ मोडली तरी दोघं एकत्र खालच्या ओळीवर जातात. मध्ये स्पेस मारली की ₹ वरच्या ओळीच्या टोकाला लटकतं आणि किंमत खाली. "₹५०० रुपये" लिहू नका, एकच बात दोनदा होते. /- ही खूण हातानं बिल लिहायच्या काळातली आहे, आकड्यापुढं कुणी पैसे वाढवू नयेत म्हणून. हातानं लिहिलेल्या पावतीवर ती राहू द्या. छापील लेबलवर तिचं काम उरलेलं नाही. लांबलचक दरपत्रकात चाळीस ओळींना चाळीस ₹ घालण्यापेक्षा रकान्याच्या मथळ्यावर एकदा घाला, मजकूर मोकळा होतो.

आमच्या घरात आजोबांच्या काळची गुळाच्या अडतीची वही आहे. तिच्यात दीड रुपया १॥ असा लिहिलेला आहे, पावणेदोन १॥।, एक उभी रेघ म्हणजे पाव. रुपयाचे १६ आणे होते तेव्हा ते चार-चार आण्यांत बसायचं. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर पैसे झाले आणि ती लिपी हळूहळू वहीतून गेली. त्या रेघांना आणि जुन्या एका रुपयाच्या खुणेलाही युनिकोडमध्ये २००९ साली जागा मिळाली आहे, ₹ च्या एक वर्ष आधी. ती वही उघडली की मला वाटतं, आपल्याकडं पैशाला अक्षर होतंच, ते मधली पन्नास वर्षं रोमन आरएसनं अडवून ठेवलं होतं.

तर रु. कुठं? बोलल्यासारख्या मराठी मजकुरात "रु." किंवा सरळ "रुपये" सुंदर दिसतं, "जोडीला बाराशे रुपये" हे ₹ पेक्षा आपलं वाटतं. इंग्रजी एसएमएसमध्ये आरएस. ज्या प्रिंटरला काहीच शिकवता येत नाही तिथं आरएस. परदेशी गिऱ्हाइकाच्या बिलावर आयएनआर, कारण रुपया नेपाळचाही आहे, श्रीलंकेचाही, मॉरिशसचाही, आणि समोरच्याच्या मशिनवर ₹ चा चौकोन झाला तर रक्कम कुठल्या चलनातली हेच त्याला कळणार नाही. बाकी सगळीकडं, लेबल, पाटी, वेबसाइट, मेनू, दरपत्रक, खरं ₹.

या आठवड्यात एक करा. नोटपॅडमध्ये एक ओळ लिहा : ₹१,२५० ₹1,250 ₹8,888. आठ आकडा मुद्दाम घेतलाय, जाडीची तुलना त्याच्याशी नीट होते. हीच ओळ लेबल प्रिंटरवर, बिलाच्या प्रिंटरवर, प्रेसच्या मशिनवर आणि वेबसाइटच्या एका लपवलेल्या पानावर काढून बघा. चारही नमुने शेजारी ठेवले की कुठं फाँट बदलला, कुठं फट बुजली, कुठं चिन्ह पोचलंच नाही हे तुमचं तुम्हालाच दिसेल. बिलवाला अक्षर भरून द्यायला तयार नसेल तर माझं ते चौकटीच्या वहीचं पान देतो, त्यावर ठिपके मोजलेले आहेत.